खासगीपणाचा अधिकार: पुण्यात फिरून फिरून विचारले जाणारे प्रश्न

शिवाजीनगर कोर्टाच्या आवारात, सोसायट्यांच्या सभांत आणि स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलामुलींकडून हे प्रश्न कायम येतात. प्रश्न शक्यतो विचारणाऱ्यांच्याच भाषेत ठेवले आहेत. उत्तरं सर्वसाधारण कायद्याची आहेत. तुमच्या हातात नोटीस किंवा समन्स पडलं असेल, तर कागद घेऊन थेट वकील गाठा.

राज्यघटनेत हा अधिकार कुठल्या कलमात आहे? मला तर सापडला नाही.

सापडणार नाही. मूलभूत हक्कांच्या भागात खासगीपणाचं वेगळं कलमच नाही. संविधान सभेत प्रयत्न झाले होते. सोमनाथ लाहिरी यांनी १९४७ मध्ये पत्रव्यवहाराची गुप्तता हक्क म्हणून मागितली. पुढे काझी सय्यद करीमुद्दीन यांनी घर, कागदपत्रं आणि चीजवस्तूंच्या मनमानी झडतीविरुद्ध दुरुस्ती मांडली. दोन्ही टिकल्या नाहीत.

मग प्रश्न न्यायालयात गेला, आणि सुरुवातीला उत्तर नकारार्थी आलं. १९५४ च्या एम. पी. शर्मा प्रकरणात आठ न्यायाधीशांनी आणि १९६२ च्या खरक सिंग प्रकरणात सहा न्यायाधीशांच्या पीठातल्या बहुमतानं असा हक्क घटनेत नाही असं म्हटलं. खरक सिंग हा उत्तर प्रदेशातला दरोड्याच्या संशयावरून पकडलेला आणि पुराव्याअभावी सुटलेला माणूस. पोलिस अपरात्री त्याचं दार वाजवायचे. न्यायालयानं रात्रीच्या या भेटी रद्द केल्या; मात्र खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, एवढं म्हणायला बहुमत तयार झालं नाही. न्या. सुब्बा राव यांनी तेव्हाच वेगळं मत नोंदवलं होतं. ते मान्य व्हायला अर्धशतकाहून जास्त काळ गेला.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांनी एकमतानं सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. तो अनुच्छेद २१ मधल्या जीवित आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, आणि घटनेच्या तिसऱ्या भागातल्या इतर स्वातंत्र्यांमध्येही तो आहेच. जुने दोन्ही निकाल तेवढ्यापुरते मोडीत निघाले.

हा खटला कोणी केला? आणि पुण्याचा यात काही संबंध?

कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांनी, आधार योजनेविरुद्ध, २०१२ मध्ये. त्या वेळी त्यांनी ऐंशी ओलांडली होती. सुनावणीत केंद्र सरकारनं पवित्रा घेतला की असा मूलभूत हक्कच अस्तित्वात नाही, आणि त्यामुळे आधी त्याचाच निकाल लावायला नऊ जणांचं पीठ बसवावं लागलं. सरकारनं तो मुद्दा काढला नसता तर इतका भक्कम निकाल मिळालाच नसता, असं माझं मत.

पुण्याचा संबंध आहे. चार न्यायाधीशांच्या वतीनं मुख्य निकालपत्र लिहिणारे न्या. धनंजय चंद्रचूड यांचं घराणं खेड तालुक्यातल्या कन्हेरसरचं. त्यांचे वडील न्या. यशवंत चंद्रचूड हे आयएलएस विधी महाविद्यालयाचे विद्यार्थी. आणीबाणीत, १९७६ च्या एडीएम जबलपूर खटल्यात, सरकारनं कोणालाही बेकायदा डांबलं तरी कोर्टात दाद मागता येणार नाही असं म्हणणाऱ्या चौघांत वडील होते. विरोधात एकटे न्या. हंसराज खन्ना. २०१७ च्या निकालपत्रात मुलानं वडिलांचा तो निकाल गंभीर चुकीचा ठरवून रद्द केला.

म्हणजे आता सरकारला काहीच विचारता येणार नाही?

असं कोणी सांगत असेल तर निकाल वाचलेला नाही. हा हक्क अमर्याद नाही, हे त्याच निकालात लिहिलं आहे. मात्र सरकारला हात घालायचा असेल तर तीन अटी पाळाव्या लागतात. एक, त्यासाठी कायदा हवा; साहेबाचा तोंडी हुकूम किंवा खात्याचं परिपत्रक म्हणजे कायदा नव्हे. दोन, हेतू वैध हवा: देशाची सुरक्षा, गुन्ह्याचा तपास, सरकारी पैसा खऱ्या लाभार्थ्याला पोहोचणं वगैरे. तीन, उपाय हेतूच्या प्रमाणात हवा. कमी घुसखोरीनं काम भागत असेल तर जास्त करायची नाही. न्या. संजय किशन कौल यांनी चौथी जोडली: गैरवापर रोखणारी यंत्रणा हवी.

प्रत्यक्षात भांडण तिसऱ्या अटीवर होतं. पहिली सरकारला सोपी असते, विधिमंडळात बहुमत असलं की कायदा होतो. दुसरीत तर हेतू कायम उदात्तच लिहिलेला असतो. ‘एवढं कशाला लागतं?’ हा प्रश्न विचारला की खरी पंचाईत सुरू होते.

महाराष्ट्रातलं एक उदाहरण २०१७ च्याही आधीचं आहे. गोवंश हत्याबंदी कायद्यात, परराज्यात कायदेशीररीत्या कापलेल्या जनावराचं मांस जवळ बाळगणं हाही गुन्हा ठरवला होता. मे २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं हत्येवरची बंदी कायम ठेवली, पण ते कलम खासगीपणाचा भंग करतं म्हणून काढून टाकलं. माणसानं घरात काय खावं हे पाहायला राज्यानं स्वयंपाकघरापर्यंत येऊ नये, असा त्याचा मतितार्थ. राज्य सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं.

आम्ही सहा मुली फ्लॅट भाड्यानं घेऊन राहतो. सोसायटी आधार, ऑफिसचं पत्र, आईवडिलांचे नंबर, शिवाय कोण भेटायला येतं त्याची वही ठेवते. चालतं का?

इथं एक गोष्ट आधी समजून घ्या. मूलभूत हक्क प्रामुख्यानं सरकारविरुद्ध असतात. २०२३ च्या कौशल किशोर निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या बहुमतानं अनुच्छेद १९ आणि २१ खासगी व्यक्तींविरुद्धही वापरता येतील असं म्हटलं आहे, पण म्हणून सोसायटीच्या चेअरमनविरुद्ध कोणी उच्च न्यायालयात रिट (मूलभूत हक्कांसाठीची थेट याचिका) घेऊन पळत नाही. सोसायटीशी भांडायचं ते उपविधी (सोसायटीची नियमावली), भाडेकरार आणि सहकार खात्याचे उपनिबंधक यांच्या आधारे.

आता काय देणं भाग आहे ते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानं लीव्ह अँड लायसन्स करार नोंदवावाच लागतो, आणि तो नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. भाडेकरूंची माहिती पोलिसांना कळवण्याचे आदेश निघतात, तेही पाळावे लागतात. सोसायटीला नोंदलेल्या कराराची प्रत आणि संपर्काचा नंबर एवढं पुरतं. आधार मागितलंच तर मास्क्ड आधार द्या, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात.

गेटवर सुरक्षारक्षकानं पाहुण्याचं नाव लिहून घेणं वाजवी आहे, आणि ते सगळ्या सदस्यांच्या पाहुण्यांना सारखं लागू हवं. फक्त तुमच्याच फ्लॅटचे पाहुणे वहीत आणि समितीच्या बैठकीत त्यावर चर्चा, हा सुरक्षेचा विषय राहत नाही. लेखी विचारा: हा नियम कुठल्या सर्वसाधारण सभेत मंजूर झाला? बहुतेक वेळा तिथंच आवाज खाली येतो.

घरमालक स्वतःजवळची चावी लावून आत येतो, हीसुद्धा जुनी तक्रार. घर त्याचं असलं तरी ताबा तुमचा आहे. पाहणी करायची तर आधी कळवून, सोयीच्या वेळी. करारात हे वाक्य घालून घ्या. दलाल ‘स्टँडर्ड करार आहे’ म्हणेल, तरीही घाला.

मेंटेनन्स थकला म्हणून सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर माझा फोटो टाकला.

थकबाकी ही सदस्यांच्या हिशेबाची बाब आहे, ती सभेपुढे येणार. फोटो टाकून नाचक्की करणं वेगळं. एका सहकारी संस्थेनं थकबाकीदारांचे फोटो लावले तेव्हा केरळ उच्च न्यायालयानं वसुलीची ही रीत खासगीपणाच्या आणि प्रतिष्ठेच्या विरोधात ठरवली. तो निकाल महाराष्ट्रात बंधनकारक नाही, पण दाखवता येतो. आणि थकलेलं भरून टाका.

समोरच्यांनी लावलेला कॅमेरा आमच्या दारावर रोखलेला आहे.

स्वतःचं दार आणि त्यापुढची जागा टिपणारा कॅमेरा लावायला मनाई नाही. तुमची खिडकी, बेडरूम, बाल्कनीतलं आतलं आयुष्य टिपणारा असेल तर आक्षेप घेता येतो. कोलकात्यात एकाच घरात राहणाऱ्या भावांच्या वादात तिथल्या उच्च न्यायालयानं दुसऱ्या रहिवाशाच्या संमतीशिवाय राहत्या भागात लावलेले कॅमेरे बंद करायला लावले, आणि २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यात हस्तक्षेप केला नाही. आधी सोसायटीकडे लेखी तक्रार करून कोन बदलून घ्या. शंभरातली नव्वद भांडणं स्क्रू ड्रायव्हरनं मिटतात.

पण बाथरूम, चेंजिंग रूम, होस्टेलची खोली इथं कॅमेरा सापडला तर सोसायटी, समजूत, माफीनामा या भानगडीत पडू नका. भारतीय न्याय संहितेचं कलम ७७ आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ई, दोन्हींखाली हा गुन्हा आहे. कॅमेऱ्याला हात न लावता पोलिसांना बोलवा, कारण त्यावरचे ठसे आणि मेमरी कार्ड हाच पुरावा असतो.

समोरच्या आजी गॅलरीतून दिवसभर बघत असतात, यावर मात्र कायदा नाही. पडदा लावा.

झेड ब्रिजवर बसलो होतो. पोलिसांनी नावं विचारली, व्हिडिओ काढला आणि घरी फोन करतो म्हणाले.

दोन सज्ञान माणसं पुलावर बसून बोलत आहेत, हा गुन्हा नाही. सार्वजनिक जागी असभ्य वर्तनासाठी महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम ११० आहे, अश्लील कृत्यासाठी न्याय संहितेचं कलम २९६. त्यात बसणारं काही घडलं असेल तर पोलिसांनी कारवाई करावी, पावती द्यावी. सज्ञान व्यक्तीच्या आईवडिलांना कळवणं ही कायद्यातली शिक्षा नव्हे. व्हिडिओ काढून तो पसरवणं तर अजिबातच नाही.

रस्त्यावर खासगीपणा घरापेक्षा कमी असतो, हे खरं. पण उंबरठा ओलांडला की तो संपत नाही. हा हक्क जागेला चिकटलेला नसून माणसाला चिकटलेला आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं कॅनरा बँक प्रकरणात म्हटलं आहे. नाव विचारलं तर शांतपणे सांगा. हुज्जत घालून साधं प्रकरण ‘सरकारी कामात अडथळा’पर्यंत नेण्यात शहाणपण नाही.

नाकाबंदीत पोलिसांनी मोबाइल उघडायला सांगितला तर?

लायसन्स, गाडीची कागदपत्रं दाखवावी लागतात, श्वासाची चाचणी द्यावी लागते. मोबाइल त्या यादीत नाही. रस्त्यात उभं करून कोणाचेही चॅट वाचण्याचा सरसकट अधिकार पोलिसांना नाही.

गुन्ह्याच्या तपासात गोष्ट बदलते. फोन पुरावा असेल तर तो जप्त होऊ शकतो. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ नुसार झडती आणि जप्तीचं चित्रीकरण करावं लागतं आणि ते विनाविलंब दंडाधिकाऱ्याकडे पाठवावं लागतं. पंचनाम्यात फोनचा आयएमईआय (प्रत्येक फोनचा वेगळा ओळखक्रमांक) आणि शक्य तिथं हॅश व्हॅल्यू (आतल्या डेटावरून काढलेला आकडा, डेटा बदलला की तोही बदलतो) लिहून घ्यायला सांगा. नंतर फोनमध्ये काही घुसडलं असा वाद झाला तर हाच आकडा कामी येतो.

पासवर्ड सांगायची सक्ती करता येते का? स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती अनुच्छेद २०(३) नं बंद केली आहे, आणि याच आधारावर २०१० मध्ये सेल्वी प्रकरणात सक्तीची नार्को चाचणी घटनाबाह्य ठरली. आवाजाचा नमुना मात्र २०१९ च्या निकालानुसार न्यायदंडाधिकारी द्यायला लावू शकतात. पासवर्ड यातल्या कुठल्या खणात बसतो, यावर कोर्टांची मतं वेगवेगळी आहेत. म्हणून तिथं पोचलात की वकिलाशिवाय निर्णय घेऊ नका.

फोन टॅप करायला कोणाची परवानगी लागते?

गृहसचिवाची, केंद्रात किंवा राज्यात, तीही लेखी आणि कारणांसह. पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या खटल्यातल्या १९९६ च्या निकालानं ही चौकट घालून दिली. आता ती दूरसंचार कायदा २०२३ आणि २०२४ च्या नियमांत आहे. एक आदेश जास्तीत जास्त ६० दिवस, मुदतवाढ धरून १८० दिवस. तातडीत वरिष्ठ पोलिस अधिकारी हुकूम देऊ शकतो, पण ठरलेल्या मुदतीत गृहसचिवाचं शिक्कामोर्तब आलं नाही तर टॅपिंग थांबवावं लागतं. शिवाय पुनर्विलोकन समिती असते. या सगळ्यांत एकही न्यायाधीश नाही. सरकारनं मागायचं, सरकारनं द्यायचं, सरकारनंच तपासायचं. माझ्या मते व्यवस्थेतलं सर्वांत मोठं भोक हेच.

तरी नियमांना दात आहेत. मुंबई उच्च न्यायालयानं २०१९ मध्ये विनीत कुमार प्रकरणात सीबीआयला मिळालेले टॅपिंगचे तीन आदेश रद्द केले आणि ध्वनिमुद्रणं नष्ट करायला सांगितली. भ्रष्टाचाराचा आरोप होता. पण ‘सार्वजनिक सुरक्षा’ किंवा ‘सार्वजनिक आणीबाणी’ कुठं दिसत नव्हती, आणि कायद्यात शब्द तेच आहेत. पुण्यात २०२२ मध्ये बंडगार्डन पोलिस ठाण्यात राजकीय नेत्यांचे फोन बेकायदा टॅप केल्याच्या आरोपावरून गुन्हा दाखल झाला होता. पुढच्या वर्षी उच्च न्यायालयानं तो रद्द केला.

आपला फोन टॅप होतोय का, हे सामान्य माणसाला कळवलं जात नाही. नंतरही नाही.

आधार कुठं द्यायचं आणि कुठं नाही?

सप्टेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं चार विरुद्ध एक मतानं आधार कायदा टिकवला, पण छाटून. सरकारी अनुदान आणि कल्याणकारी योजना, तसंच पॅनशी जोडणी: सक्ती चालते. बँक खातं, सिमकार्ड, शाळाप्रवेश: सक्ती नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बँक आणि मोबाइल कंपनीला स्वेच्छेनं देता येतं, म्हणजे दुसरं ओळखपत्र पुढं केलं तर ते नाकारता येत नाही. लॉज, क्लास, जिम, अभ्यासिका यांना झेरॉक्स द्यायची वेळ आली तर मास्क्ड प्रत द्या, आणि तिच्यावर तारीख आणि कारण लिहा.

नवऱ्यानं माझे फोन गुपचूप रेकॉर्ड केले. कोर्टात चालतील?

वाईट वाटेल, पण हो, चालू शकतात. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं विभोर गर्ग प्रकरणात सांगितलं की पती-पत्नीमधल्या दाव्यात अशी मुद्रणं पुरावा म्हणून येऊ शकतात. पाळत ठेवण्यापर्यंत गोष्ट गेली म्हणजे संसार आधीच मोडलेला असतो, असा त्यामागचा विचार. मला तो पुरेसा पटत नाही. एकाच फोनवर दोघांचा ताबा असतो अशा घरात हा पुरावा कोण गोळा करू शकतं, ते उघड आहे. मात्र परवानगीशिवाय तुमच्या खात्यात घुसणं किंवा फोनमध्ये हेरगिरीचं अ‍ॅप टाकणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली स्वतंत्र गुन्हा होऊ शकतो.

मुलाची डीएनए चाचणी हा दुसरा प्रश्न. पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयात सुरू झालेल्या एका घटस्फोटाच्या दाव्यात बायकोच्या व्यभिचाराचा पुरावा म्हणून मुलाच्या चाचणीचा आदेश झाला, उच्च न्यायालयानं तो कायम केला, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं फिरवला. भांडण आईबापांचं आहे. त्यासाठी मुलाच्या जन्मावर प्रश्नचिन्ह लावता येणार नाही. मुलालाही खासगीपणाचा हक्क आहे, हे त्यात स्पष्ट लिहिलं आहे.

ऑफिसच्या लॅपटॉपवर कंपनी नजर ठेवते.

लॅपटॉप कंपनीचा, सही केलेलं धोरण कंपनीचं. हिंजवडीतल्या मशीनवर बँकेचे आणि डॉक्टरचे मेल उघडू नका.

कल्याणीनगर अपघातानंतर त्या मुलाचं नाव सगळ्यांना माहीत होतं. मग ते लिहायला बंदी कशी?

अल्पवयीन मुलाच्या गाडीखाली दोघांचा जीव गेल्याच्या आरोपावरचा २०२४ चा तो राग समजण्यासारखा आहे. तरी बाल न्याय कायद्याचं कलम ७४ अल्पवयीन आरोपीचं नाव, शाळा, फोटो प्रसिद्ध करायला मनाई करतं; सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. व्हॉट्सअ‍ॅपवर पुढे ढकलणाराही त्यात येऊ शकतो. लैंगिक अत्याचाराच्या पीडितेची ओळख उघड करणं हाही न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे.

माहिती अधिकारात अर्ज केला, तर ‘वैयक्तिक माहिती’ म्हणून नकार आला.

हे आता वाढणार. नागरिकांना सोमवारी दुपारी महापालिकेच्या फायली पाहू देण्याची पद्धत याच पुण्यात रुजली आणि राज्यभर गेली, म्हणून इथल्या लोकांना हे जास्त टोचतं. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(१)(जे) मध्ये पूर्वी तोल होता: सार्वजनिक कामाशी संबंध नसलेली वैयक्तिक माहिती नाकारता यायची, आणि व्यापक जनहित असेल तर द्यावी लागायची. शिवाय संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही ते नागरिकालाही नाकारता येणार नाही, अशी पुस्ती होती. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानं ते सगळं काढून नुसतं ‘वैयक्तिक माहिती’ एवढंच ठेवलं, आणि नोव्हेंबर २०२५ पासून हा बदल लागू आहे. नागरिकाच्या संरक्षणासाठी मिळालेला हक्क अधिकाऱ्याच्या फायलीवर झाकण म्हणून वापरला जातोय.

एक फट उरली आहे: कलम ८(२). नुकसानीपेक्षा जनहित मोठं असेल तर माहिती देता येते. अपिलात हे कलम नाव घेऊन लिहा, आणि त्या विशिष्ट ठेक्यात किंवा नेमणुकीत जनहित कुठं आहे ते दोन वाक्यांत मांडा.

तो नवा डेटा कायदा माझ्या काय उपयोगाचा?

कायदा २०२३ चा, नियम नोव्हेंबर २०२५ चे. कंपन्यांवरची मुख्य बंधनं नियम आल्यापासून दीड वर्षानं लागू होतात. तेव्हा तुम्हाला तुमची माहिती बघता, दुरुस्त करता आणि पुसायला सांगता येईल. संमती काढून घेता येईल. कंपनीला दंड २५० कोटींपर्यंत. पण तो दंड सरकारी तिजोरीत जातो, तुमच्या खिशात नाही. उलट खोटी तक्रार केली तर तुम्हालाच दहा हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. सरकारी यंत्रणांना सूट देण्याची सोय ऐसपैस आहे. घरगुती वापराला कायदा लागूच नाही, म्हणून मावशींनी ग्रुपवर टाकलेल्या बारशाच्या फोटोंवर इथं तक्रार चालणार नाही.

आणि दाद मागायची कुठं?

समोर कोण आहे यावर ठरतं. सरकार किंवा पोलिस असतील तर अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालय. पुणेकरांसाठी ते मुंबईलाच. ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झालेल्या कोल्हापूर सर्किट बेंचकडे सातारा, सांगली, सोलापूर आहेत, पुणे नाही. फोटो, व्हिडिओ, खातं हॅक अशा गोष्टींसाठी सायबर पोलिस. पैसे गेले असतील तर १९३० वर लगेच फोन करा. सोसायटीसाठी उपनिबंधक आणि सहकार न्यायालय. वकिलाची फी परवडत नसेल तर शिवाजीनगर न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. महिलांना तिथं उत्पन्न कितीही असलं तरी वकील मोफत मिळतो. जाताना स्क्रीनशॉट तारीख-वेळेसह छापून न्या, आणि मूळ फोन फॉरमॅट करू नका.